नाव घेऊन केलेली प्रार्थना

घरातलं एखादं माणूस हळूहळू विझत चाललं आहे, हे घरातल्या सगळ्यांना दिसत असतं. ते दोन घास कमी खातं, हाक मारली की जरा उशिरा ओ देतं, हसायचं तिथे हसतं पण डोळे हसत नाहीत. आपण म्हणतो, "होईल बरं." आणि आपण देवाधर्माची माणसं असलो तर म्हणतो, "प्रार्थना करतो हं तुझ्यासाठी." एवढं म्हटलं की आपलं मन हलकं होतं. त्या माणसाचं होतं का, हे विचारायला मात्र आपण थांबत नाही. मंडळी, ही गोष्ट अशाच एका घरातली आहे.

त्या घरात दोन जावा होत्या. थोरली खालच्या मजल्यावर राहायची, धाकटी वरच्या. थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. धाकटीचा जहाजावर होता. सहा-सहा महिने समुद्रावर, आणि घरी आला तरी पाय जमिनीवर ठरत नसे. धाकटीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हाही तो समुद्रावरच होता. त्यानंतर ती मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात कामाला लागली. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, संध्याकाळी वर जाऊन दिवा न लावता बसायची.

एका दुपारी ती खाली आली. थोरली मटार सोलत होती. धाकटी समोर बसली, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "ताई, एक सांगू? पण कोणाला बोलू नका."

"अगं, मी कोणाला बोलणार आहे?"

"मुलांच्या दुलया वाळत घालायला पाळणाघराच्या गच्चीवर जाते ना मी. तिथे कठड्याशी उभी राहिले की वाटतं, आता संपलं तर बरं. मग खालून एखादं पोर रडतं आणि मी धावत खाली येते. ते रडलं नसतं तर काय झालं असतं, असं मग दिवसभर मनात येत राहतं."

थोरलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असं बोलू नये गं."

"बोलू नये म्हणून तर इतके दिवस गप्प होते." धाकटीने टोपलीकडे पाहिलं. "ती पोरं आहेत म्हणून मी आहे, ताई. दुपारी सगळी झोपली की एकेकाच्या पाठीवर हात ठेवून बसते. श्वास हाताला लागतो. तेवढा वेळ बरं असतं. पण दुपार काय, टिकून टिकून किती टिकणार? मनाच्या डॉक्टरांकडे जावं म्हणते. एकटीनं त्या दवाखान्याची पायरी चढवत नाही. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"येईन की. न यायला काय झालं? फक्त हा आठवडा जाऊ दे. चर्चमध्ये गाण्याची तयारी चालू आहे, रोज संध्याकाळी तालीम. पुढच्या आठवड्यात नक्की. आणि तोवर मी प्रार्थना करते ना तुझ्यासाठी."

दुकानदार 'उद्या या' म्हणाला की गिऱ्हाईक जशी मान हलवतं, तशी धाकटीने मान हलवली आणि ती वर गेली.

थोरली वाईट बाई नव्हती, हे नीट ध्यानात घ्या. कोणाच्या घरी मयत झाली तर ती सर्वांत आधी पोहोचायची. तिचा गळा गोड होता. ती गायला लागली की मागच्या बाकावरचे पेंगणारे पुरुषही सरळ बसत. आणि प्रार्थना करायला लागली की बायकांचे पदर डोळ्यांना लागत. म्हणून तर दर बुधवारी बायकांचं प्रार्थना मंडळ तिच्याच घरी भरायचं आणि सगळ्या तिला 'ताई' म्हणायच्या, वयाने मोठ्या असलेल्यासुद्धा.

त्या मंडळाची एक रीत होती. प्रार्थना मोघम करायची नाही, नाव घेऊन करायची. 'देवा, आजाऱ्यांना बरं कर' असं कोणी म्हटलं की बाकीच्या विचारायच्या, "कोण आजारी? नाव सांगा." नाव घेतलं की प्रार्थना नेमकी पोहोचते, अशी त्यांची श्रद्धा होती, जणू एरवी देवाला पत्ता सापडला नसता. मग नावामागून आजार यायचा, आजारामागून कारण यायचं, आणि कारणामागून सासू काय म्हणाली, नवऱ्याने काय केलं, हेही यायचं. हे सगळं डोळे मिटून चालायचं, त्यामुळे त्याला चहाडी म्हणायची सोय नव्हती.

त्या बुधवारी थोरलीची पाळी आली. तिला खरंच भरून आलं होतं. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि धाकटीचं नाव घेतलं. गच्ची सांगितली, कठडा सांगितला, पोटातच गेलेलं बाळ सांगितलं. तिचा आवाज कापत होता. खोलीत हुंदके ऐकू येऊ लागले. "प्रभू, माझ्या धाकट्या बहिणीला या अंधारातून काढ," ती म्हणाली, आणि "आमेन" इतकं मोठ्याने उमटलं की आतल्या खोलीत घड्याळ उघडून बसलेल्या तिच्या नवऱ्याने वर पाहिलं.

निघताना एकीने तिचे हात धरले. "किती कळवळ्यानं केलीत हो प्रार्थना! अंगावर काटा आला." बँकेत नोकरी करणारी बाई मात्र घाईत उठली. तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि ती भराभर निघून गेली. तिच्या लेकीचं तान्हं मूल त्याच पाळणाघरात ठेवलेलं होतं.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. बँकेतल्या बाईने लेकीला सांगितलं. आजीच ती, तिचं काय चुकलं म्हणावं? लेकीने आणखी दोन आयांना सांगितलं. त्या आठवडाअखेरीस पाळणाघराच्या बाईंनी धाकटीला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमच्या कामाबद्दल माझी एक तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण आया घाबरल्या आहेत. गच्चीचं काहीतरी बोलत होत्या. खरंखोटं मी विचारत नाही. पोरं लोकांची आहेत हो, काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"कोणी सांगितलं त्यांना?"

"तुमच्याच मंडळात तुमच्यासाठी प्रार्थना झाली म्हणे."

ती दुपारची वेळ होती. बाहेर पोरं झोपली होती. कोणाच्याही पाठीवर हात न ठेवता धाकटी त्यांच्यामधून चालत बाहेर पडली.

ती थोरलीच्या दारात उभी राहिली तेव्हा थोरली नव्या गाण्याची चाल गुणगुणत इस्त्री करत होती.

"काम गेलं माझं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे? असं कसं?"

"तुम्हाला नाही कळलं? सगळ्यांना कळलंय." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "ताई, तुम्ही फक्त देवाला सांगितलं असतं तर चाललं असतं. देव कोणाला सांगत नाही."

"अगं, मी प्रार्थना केली. तुझ्या भल्यासाठी..."

"हो. फार सुंदर केलीत म्हणे."

ती वर गेली. आतून कडी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

थोरलीला आधी रागच आला. माणसाचं असंच असतं. चूक पदरात पडली की आपण आधी ती झटकून बघतो. रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "प्रार्थना करणं हाच गुन्हा झाला आता. बँकेतल्या बाईच्या तोंडाला खळ नाही, आणि दोष माझ्यावर."

नवरा ताटातून वर न बघता म्हणाला, "घड्याळाचं काम आत चालतं. बाहेर टोल ऐकू यावेत म्हणून काही ते चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. भाजी वाढ."

तिला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती पेटीबाबांकडे गेली. हे म्हातारबाबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि पूर्वी गावोगाव फिरून गाऊन प्रवचनं करायचे. बोलता बोलता गाणं, गाता गाता बोलणं, हसवता हसवता डोळ्यांतून पाणी काढणं, ही त्यांची हातोटी. थोरलीला गायला त्यांनीच शिकवलं होतं. ते आपली बाजू घेतील, अशी तिची खात्री होती.

बाबा पेटीच्या भात्याला डिंक लावत होते. तिने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिनं तुझ्याकडे काय मागितलं होतं?"

"कोणाला सांगू नका म्हणाली होती. पण बाबा, प्रार्थनेत..."

"ते राहू दे. आणखी काय मागितलं?"

थोरली थांबली. "डॉक्टरांकडे चला म्हणाली होती."

"गेलीस?"

"तालीम होती."

"हं. जरा तो भाता दाबून धर." तिने भाता धरला. बाबा बोटाने डिंक पसरत हळूच गुणगुणले:

"ओठी प्रीती, हात रिते,
असले देणे कोण घेते?"

"बाबा, मी मनापासून प्रार्थना केली. खोटं रडले नाही मी."

"खोटं रडली असतीस तर बरं होतं, पोरी. लोकांनी ओळखलं असतं, कोणी विश्वास ठेवला नसता. तुझं रडणं खरं, म्हणूनच तिचं काम गेलं." त्यांनी डिंकाची वाटी बाजूला ठेवली. "हे बघ. एक बाई पांघरुणात कुडकुडत पडली होती. आपण काय केलं? पांघरूण ओढून सगळ्यांना दाखवलं, बघा बघा, किती थंडी वाजते हिला. आणि मग सगळ्यांनी मिळून देवाला म्हटलं, हिला ऊब दे. देवानं काय करावं सांग. त्यानं तर तिच्यासाठी पांघरूण आधीच पाठवलं होतं. ते म्हणजे तू."

थोरलीचा हात भात्यावरून सुटला. भात्यातली हवा एक लांब उसासा टाकून निघून गेली.

"आपण ख्रिस्ताची माणसं म्हणवतो," बाबा म्हणाले, "आणि समजतो की प्रीती म्हणजे आत दाटून येणारं काहीतरी. दाटून काय, मांजरालाही येतं. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेते ती प्रीती. ख्रिस्तानं काय केलं मग आपल्यासाठी? लांब उभा राहून आपल्यासाठी रडला का?"

थोरलीने विचारलं, "आता मी काय करू?"

"मला काय माहीत? तुटलं ते तुटलं. पोरं तिला परत मिळतील असं मला वाटत नाही. तू माफी मागशील, तर माफ करायचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. तू जा तिच्याकडे, एवढंच कळतं मला."

"ती दार उघडत नाही."

"मग दाराबाहेर बस. गाऊ मात्र नको."

थोरली दाराबाहेर बसू लागली. कामं आटोपली की वर जायची आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकायची. पहिल्या दिवशी ती दारातून बोलली, "चुकले गं मी." उत्तर आलं नाही. त्यानंतर तीही बोलेनाशी झाली. शेजारपाजारचे जाता-येता विचारायचे, "किल्ली विसरलात का?" ती "हो" म्हणायची. दाराशी ठेवलेलं जेवण कधी आत घेतलेलं असायचं, कधी तसंच गार पडलेलं. तिला वाटायचं, आपण इथे बसून काय साधतो आहोत? आत एक माणूस बुडतं आहे आणि आपण काठावर बसलो आहोत. जन्मभर गायिलेली सगळी गाणी तिला त्या पायरीवर आठवली आणि एकही उपयोगी पडलं नाही.

एका सकाळी दाराखालून पाणी आलं.

आत नळ वाहत होता. थोरलीने दार वाजवलं, हाका मारल्या, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. "उघड! अगं, उघड!" तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. इतक्या वर्षांत असा बेसूर आवाज तिच्या गळ्यातून निघाला नव्हता.

कडी निघाली. धाकटी दारात उभी होती. केस विंचरलेले नव्हते, पाय घोट्यापर्यंत ओले होते. "बादली भरायला लावली होती," ती म्हणाली. "बसले होते तिथेच. लक्षात नाही आलं."

थोरलीने आत जाऊन नळ बंद केला. खोलीभर पाणी होतं. ओट्यावर भांड्यांचा ढीग, पडदे ओढलेले. सवयीने तिचे हात जुळले, ओठ उघडले, 'हे प्रभू' जिभेवर आलं. तिने ते गिळलं. पदर खोचला, फडकं घेतलं आणि ती गुडघ्यांवर बसून लादी पुसू लागली. पिळायची, पुसायची, पुन्हा पिळायची. मग भांडी घासली. धाकटी खाटेवर पाय वर घेऊन बघत होती.

"आज प्रार्थना नाही करणार?" तिने विचारलं. टोमणाच होता तो.

"नाही."

"का? ऐकायला कोणी नाही म्हणून?"

थोरलीने कढई उपडी ठेवली. "हो. म्हणूनच करत होते बहुतेक."

मग पदराला हात पुसत थोरली म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ या."

"लोक बघतील."

"बघू देत. मला तपासायला आणलंय म्हणून सांग."

धाकटी हसली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

दवाखाना मोठा होता, आणि मनाच्या डॉक्टरांची खोली अगदी टोकाला, दारावर ठळक पाटी. बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस कशासाठी आला आहे, हे आंधळ्यालाही कळावं. दोघी बसल्या. धाकटीची बोटं थोरलीच्या मनगटात रुतली होती. तेवढ्यात समोरून नवऱ्याची औषधं घेऊन बँकेतली बाई आली. तिने पाटी पाहिली, धाकटीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा कळवळ्याने भरून आला.

"आणलंत ना शेवटी? बरं केलंत, ताई. किती दिवस झाले, आम्ही हिच्यासाठी प्रार्थना..."

मनगटावरची बोटं सुटली. धाकटी उठून जायच्या बेतात होती.

"हिला नाही आणलं," थोरली म्हणाली. "मीच आलेय. मला झोप लागत नाही. मन ठिकाणावर नाही माझं. ही सोबत आलीय."

झोपेचं आणि मनाचं ती जे बोलली, त्यातला शब्दही खोटा नव्हता. कडी लागल्याचा तो आवाज ऐकल्यापासून थोरलीला खरंच झोप नव्हती. बँकेतली बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "अरे देवा," ती म्हणाली. "तुम्हाला? असं कधी वाटलंसुद्धा नव्हतं."

"कोणाचं काय, कोणाला वाटतं?" थोरली म्हणाली आणि आत पुकारा झाल्यावर आधी स्वतः उठली.

डॉक्टरांनी काही जादू केली नाही. गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं, वेळ लागेल म्हणाले. परतताना धाकटी एवढंच बोलली, "तिला तसं का सांगितलंत?" थोरली म्हणाली, "चल, बस येईल."

पुढच्या बुधवारी मंडळ भरलं. बँकेतली बाई नेहमीपेक्षा आधी आली आणि थोरलीच्या खुर्चीत बसली. "थोडे दिवस विश्रांती घ्या, ताई," ती मायेने म्हणाली. "आम्ही बघतो सगळं. गाण्याचंही बघू." थोरली भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. मग प्रार्थना सुरू झाली आणि बँकेतल्या बाईने नाव घेतलं. या वेळी नाव थोरलीचं होतं.

टोकाची खोली आली, दारावरची पाटी आली. झोप उडाल्याचं आलं. "यांच्या मनाचा तोल ढळलाय, प्रभू. घरच्या माणसांबद्दलही नको ते भास होतात, नको ते बोलून जातात. त्या बिचाऱ्या धाकटीबद्दल आम्ही उगीच काय काय समजून बसलो. ते सगळं यांच्याच मनातलं होतं." हुंदके उमटले. सगळ्यांना खरंच वाईट वाटत होतं. कोणाच्याही मनात पाप नव्हतं.

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण खोलीत असताना आपल्याला उघडं करून सगळ्यांमध्ये फिरवत आहेत, आणि फिरवणारी प्रत्येक जण रडते आहे, असं तिला वाटलं. एक वाक्य बोललं असतं तर सगळं तिथेच सावरलं असतं. 'आजारी मी नाही, ती आहे.' एवढंच. तिची खुर्ची परत मिळाली असती, गाणं परत मिळालं असतं. उलट तिच्या पश्चात्तापाची साक्ष म्हणून ते पुढच्या रविवारी सगळ्या चर्चसमोर सांगता आलं असतं, आणि सगळ्यांनी डोळे पुसले असते.

"आमेन" झालं तेव्हा तिनेही आमेन म्हटलं.

बायका गेल्यावर ती एकटीच खुर्च्यांच्या घड्या घालत होती. जिन्यावर पावलं वाजली. खालचं बोलणं वर ऐकू जायचंच. धाकटी आत आली. काम गेल्यापासून ती प्रथमच थोरलीच्या घरात आली होती. तिने एक खुर्ची उचलली, घडी घालून भिंतीला लावली. मग दुसरी.

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"काय सांगायचं?"

धाकटी हातातल्या खुर्चीवर बसली आणि रडू लागली. बाळ गेल्यावर ती रडली नव्हती, काम गेल्यावरही नाही. थोरली तिच्या पायाशी जमिनीवर बसली. तिने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. श्वास हाताला लागत होता. तोंडातून शब्द निघाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती खरी प्रार्थना करत होती, आणि देवाखेरीज ती कोणीही ऐकली नाही.

धाकटी बरी झाली का, असं तुम्ही विचाराल. नाही. पाळणाघराने तिला परत घेतलं नाही. काही दिवस ती उठते, काही दिवस उठत नाही. दर महिन्याला दोघी त्या टोकाच्या खोलीबाहेर बसतात आणि कोणी ओळखीचं दिसलं की थोरली पुढे होऊन म्हणते, "माझ्यासाठी आलोय." थोरलीला गाणंही पुन्हा मिळालं नाही. जे तुटतं ते सगळंच काही सांधत नाही, मंडळी. प्रीती उशिरा पोहोचली तर तिला पडझडीतच राहावं लागतं. पण तिने राहायचं असतं.

म्हणून आपल्या सर्वांना हात जोडून सांगणं आहे. कोणी आपलं दुःख तुमच्या ओंजळीत टाकलं तर ती ओंजळ उघडू नका, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. त्याने चला म्हटलं तर आजच निघा. त्याची लाज झाकायला दुसरं काही हाताशी नसेल, तर आपल्या नावाचं पांघरूण घाला. ख्रिस्ताची प्रीती गळ्यातून किती गोड उमटते, हे कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की समोरचा बुडत होता तेव्हा तुझा हात कुठे होता?